पानांतला हरेवा

बेळगावाहून लोंढ्याकडे निघालेली आगगाडी खानापूर सोडते आणि दोन्ही अंगांना रान दाटू लागते. या रानात हरेवा राहतो. बुलबुलाएवढा हा पक्षी. अंगाचा वर्ण कोवळ्या पानाचा, गळा काळा, खांद्यावर निळी झाक आणि कपाळावर नारिंगी टिळा. इतके रंग लेऊनही तो पानांत असा मिसळून जातो की, समोरच्या फांदीवर असूनही डोळ्यांना सापडू नये!

कानांना मात्र तो सापडतो. पण तेथेही फसगत ठरलेली. बुलबुल बोलला म्हणून मान वर करावी, तोच कोतवालाची शीळ येते आणि तिच्यामागून शिंप्याची टिवटिव. हे सारे आवाज एकाच गळ्यातले! मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा ज्या मुलुखात घरोघरी बोलल्या जातात, त्या मुलुखाला असा गवई शोभतोच.

याचे एक भावंडही आहे. त्याच्या कपाळी टिळा नाही. मद्रास इलाख्यातील शल्यवैद्य जर्डन यांचे नाव त्याला ब्लाइथ या पक्षिशास्त्रज्ञाने १८४४ साली दिले. टिळेवाल्याला सह्याद्रीचे ओले रान मानवते. जर्डनचा हरेवा विरळ झाडीत आणि आमराईतही रमतो. म्हणून निपाणीकडच्या तंबाखूच्या कोरड्या मुलुखात शोध घ्यायचा तो याचा.

दोघांचेही अन्न फळे, किडे आणि फुलांतला मध. पांगारा, सावर, बांडगूळ फुलले की ते तेथे हजर. मध पिताना परागकण या फुलावरून त्या फुलावर जातात. उंबराचे फळ खाल्ले की त्याचे बी दूर कोठेतरी पडते. जेवणाचे मोल पक्षी असे झाडे लावून चुकते करतो.

परंतु ज्या गळ्याचे कौतुक, तोच त्याला पिंजऱ्यात नेणारा ठरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपाखरांना आधार दिला. खानापूर तालुक्यातील भीमगडचे सुमारे १९० चौरस किलोमीटर रान २०११ मध्ये अभयारण्य झाले. मात्र बांधावरचा उंबर आणि रस्त्याकडेचा वड अभयारण्याच्या हद्दीत येत नाहीत. त्यांचे रक्षण शेतकऱ्याच्या आणि गावाच्या हाती आहे. त्यांच्यावर कुऱ्हाड उचलण्यापूर्वी क्षणभर थांबून वर ऐकावे. पानांतून तीन पक्षी बोलत असतील, तर तेथे एका हरेव्याचा संसार असण्याचा संभव आहे.