बटनांचा फोन
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चारचौघींसमोर उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. "तुमच्या त्या लाल फोनविषयीच बोला," असे चिटणीसबाई म्हणाल्या, तेव्हा मला वाटले की त्या थट्टाच करीत आहेत. त्या फोनवरून आपल्या मंडळात मी पुष्कळ थट्टा सोसली आहे. परंतु मागाहून मनात आले, की ज्या वस्तूने सहा वर्षे माझे आणि माझ्या अक्काचे बोलणे चालू ठेवले, तिच्याविषयी चार शब्द बोलायला लाजायचे कशाला?

माझी थोरली बहीण, अक्का, माढ्याकडे एका खेड्यात असते. तिचे कान हळूहळू जात चालले होते आणि २०११ सालापर्यंत तिला फोनवरचे बोलणे अगदीच ऐकू येईनासे झाले. कानाचे यंत्र आणून पाहिले, पण त्यात तिला शब्दांपेक्षा गोंगाटच जास्त येई. मग निरोप कसा द्यायचा? शेजारच्या मुलाला फोन करायचा, त्याने धावत जाऊन अक्काच्या कानाशी ओरडायचे, आणि ती काय म्हणाली ते परत येऊन मला सांगायचे. बायकांच्या साऱ्याच गोष्टी अशा ओरडून सांगण्यासारख्या असतात का? सुनेचे, सासूचे, दुखण्याखुपण्याचे सारे पोटातच राही.

अक्काचा थोरला मुलगा पुण्यास नोकरीला. त्याने २००९ साली नोकियाचा ई-६३ नावाचा फोन घेतला होता. दोन वर्षांनी त्याने दुसरा घेतला आणि हा मला आणून दिला. म्हणाला, "मावशी, आईला आता तूच लिहीत जा." लाल रंगाचा, तळहातापेक्षा थोडा लहान फोन. वरच्या अर्ध्या भागात पडदा आणि खालच्या अर्ध्या भागात इंग्रजीतल्या सव्वीसही अक्षरांची बटने, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. तो स्मार्टफोनच होता बरे का, इंटरनेट, कॅमेरा सारे होते. फक्त काचेवर बोट फिरवायचे नव्हते.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे, म्हणजे मला ते मोजून तीन वर्षे झाले. एबीसीडी ओळीने येत होती, पण या फोनवर ती ओळीने नव्हतीच! पहिल्या ओळीत क्यू, मग डब्ल्यू, मग ई. मला वाटले, भाच्याने बटने उपटून पुन्हा बसविताना चुकविली आहेत. माझ्या जाऊबाईंनी टायपिंगची परीक्षा दिलेली आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, की ही मांडणी टाइपरायटरची. अमेरिकेतल्या शोल्स नावाच्या गृहस्थांचा टाइपरायटर १८७४ साली विक्रीस आला, त्यावरून ही चालत आली. टाइपरायटर घरोघरचे गेले, पण अक्षरांची बसायची जागा तीच राहिली.

पहिला निरोप लिहायला मला अर्धा तास लागला. "अक्का मी बरी आहे," एवढेच, पण इंग्रजी अक्षरांत. संध्याकाळी उत्तर आले. उत्तरात एकच अक्षर, एच. मला काही केल्या उलगडेना. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आले, की हे "हो" मधले एच आहे. अक्काजवळ साधा आकड्यांचा फोन. त्यावर चारचे बटन दोनदा दाबावे तेव्हा कोठे एच उमटते, आणि पुढच्या ओ साठी सहाचे बटन तीनदा. तिने आपले काम निम्म्यावर आणले होते! तेव्हापासून एच म्हणजे हो आणि एन म्हणजे नाही. मी पानभर लिहायचे आणि अक्काने एका अक्षरात निकाल द्यायचा.

कोणी विचारील, की मराठी माणसाने इंग्रजी अक्षरांत का लिहावे? एक तर बटनांवर तीच अक्षरे होती. दुसरे कारण पैशाचे. एका एसेमेसात इंग्रजी अक्षरे १६० मावतात, देवनागरी मात्र ७०. आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगवेगळी मोजली जातात. म्हणजे आपल्या लिपीत लिहिले, तर एका निरोपाचे दोन-तीन निरोप होणार. त्यात सणावारी स्वस्त पॅक चालत नसे, पूर्ण दर पडे. तेव्हा संक्रांतीचा तिळगूळ मी आदल्या दिवशीच पाठवून मोकळी होई.

पण या लिहिण्यात फसगत फार. त आणि ट ला एकच टी, न आणि ण ला एकच एन, ल आणि ळ ला एकच एल. वेळ लिहिली की वेल, हे ठरीव. आपल्या मंडळाची वातींची गोष्ट जुन्या सभासदांना आठवत असेल. त्रिपुरी पौर्णिमेच्या आधी मी सर्वांना कळविले होते, की येताना वाती घेऊन येणे. निम्म्या जणी वाती घेऊन आल्या आणि निम्म्या जणी वाटी घेऊन! त्यांना वाटले, खिरीचा प्रसाद आहे. त्या दिवशी ज्या बोलल्या, त्यांचे बोलणे मी विसरले नाही. पण पुढे खीर करून घातली, ते त्याही विसरल्या नसतील.

हळूहळू बोटांना जागा कळू लागल्या. सोऱ्या हाती धरला, की चकलीचा वेढा आपण डोळ्यांनी मोजत नाही, हातच वळतो. तसेच या बटनांचे झाले. प्रत्येक बटन मधे किंचित फुगीर होते, त्यामुळे एक कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले, हे अंगठ्याला समजे. दिवाळीत माझ्याकडे चकलीच्या आणि भाजणीच्या ऑर्डरी असतात. कढईत घाणा सोडलेला, बोटे तेलकट, आणि कोणाचा तरी निरोप येई, "दोन किलो मिळेल का?" मी पदराला हात पुसून, नजर कढईवर ठेवून, अंगठ्याने "हो, गुरुवारी" असे लिहून टाकी. काचेच्या फोनवर हे करून पाहावे. त्या काचेत विजेचा अगदी बारीक थर असतो आणि बोट टेकले की तेथील विजेत फरक पडतो, त्यावरून फोनला कळते. पाण्याचा थेंबही तसाच फरक पाडतो. त्यामुळे ओल्या हाताने लावले, की तो भलतीकडेच उघडतो; आणि बोटावर पीठ वाळलेले असले, तर बोट लागल्याचे त्याला कळतच नाही.

आणखी एक सोय त्या फोनला होती. शब्दांमध्ये जागा सोडायचे लांब बटन दाबून धरले, की पाठीमागचा दिवा लागे. भारनियमनाच्या त्या वर्षांत कंदील पुसण्यापासून मी सुटले. चार्जिंगही दोन-तीन दिवस सहज पुरे.

२०१४ च्या पावसाळ्यात आमची आई आजारी पडली. तिला आमच्याकडे बार्शीला आणून दवाखान्यात ठेवले होते. अक्काच्या घरी पाहुणे अंथरुणावर, तिला निघता येईना. त्या आठ दिवसांत मी तिला दिवसातून दहा-दहा वेळा लिहीत असे. आज पेज घेतली. आज ओळखले. आज तुझे नाव घेतले. शेवटच्या रात्री वऱ्हांड्यातले दिवे मालवलेले होते आणि माझा डावा हात आईच्या हातात होता. उजव्या हाताच्या अंगठ्याने, न पाहता, मी अक्काला लिहीत होते. पहाटे आई गेली. तेही मीच लिहिले. शेजारच्या मुलाने अक्काच्या कानाशी ते ओरडून सांगावे, हे मला सोसवले नसते. थोड्या वेळाने उत्तर आले, एच. आणि तासाभराने दुसरे आले. एवढे लांब तिने कधी लिहिले नव्हते. "मी येते. रडू नको." आकड्यांच्या फोनवर तेवढे लिहायला तिला किती वेळ लागला असेल, हे मला ठाऊक आहे.

त्यानंतर आपल्या मंडळाचा व्हॉट्सॲपचा गट निघाला. भाच्याने तेही त्या फोनवर बसवून दिले होते. पण काळ पुढे गेला होता. ३० जून २०१७ नंतर त्या जातीच्या नोकिया फोनांवर व्हॉट्सॲप बंद झाले. जिओचे कार्ड त्यात चालणारे नव्हते. तशात माझे ए चे बटन बसले. वर्षानुवर्षे भाजणी आत गेली, त्याला फोन तरी काय करणार? दुसरे कोणते बटन गेले असते, तर मी भागवले असते. पण ए वाचून मराठी लिहायची कशी? आई, अक्का, बाबा, मामा, सारी नाती त्या एका बटनावर. मी ते टाचणीने उचलून दाबी, कधी उमटे, कधी नाही. दुरुस्तीवाल्याने फोन पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "काकू, हा आता शोकेसमध्ये ठेवा."

मग मुलाने काचेचा फोन आणला. तुम्हांला खरे सांगते, पहिला महिना मला फार अपमानाचा गेला. सहा वर्षे आपल्या हाताने लिहिणारी मी, आता "बाळा, एवढे लिहून दे रे," असे म्हणत मुलाच्या मागे फिरू लागले. तो लिहून देई, पण घाईने, आणि मी सांगितल्यातले निम्मे गाळून. अक्काला मग काहीबाही लिहिण्यापेक्षा मी लिहीतच नसे. एकदा तिचाच निरोप आला, नुसते एन. मी काहीच विचारले नव्हते, तरी एन. त्याचा अर्थ मला लगेच कळला.

त्या दिवशी मी मुलाला बसवून घेतले आणि तो फोन शिकले. शिकता शिकता एक गोष्ट सापडली, ती मात्र त्या लाल फोनाने मला कधी दिली नव्हती. काचेवरची बटने खरी नसतात, नुसती चित्रे असतात. म्हणून ती बदलता येतात. एक खूण दाबली, की इंग्रजी अक्षरे जाऊन अ आ इ ई, क ख ग घ. ळ निराळा, ल निराळा! पुढे अक्कालाही तिच्या मुलाने तसाच फोन दिला. माझा मराठीतला पहिला निरोप तिला गेला, तेव्हा तिने तो सुनेला नेऊन दाखविला म्हणे. २०१७ च्या ऑगस्टात गूगलने मराठी बोलणे ऐकून लिहिण्याची सोय काढली होती, तीही मुलाने मला दाखविली. आता अक्काकडे गेले, की मी फोन तिच्यापुढे धरते आणि बोलते. माझे बोलणे पडद्यावर उमटते आणि ती वाचते. मधेच काही भलते उमटते आणि आम्ही दोघी हसतो. पण समोरासमोर बसून आम्ही बोलतो, हे पुष्कळ वर्षांनी झाले.

तरी माझी तक्रार राहिलीच आहे. आपली अक्षरे द्यायची, तर खरी बटने काढून का घ्यावीत? अंधारात, कढईपाशी, ओल्या हाताने त्या काचेचा मला अजून उपयोग नाही. बटनांचे फोन आता फारच थोडे निघतात. साहेब लोक ज्या ब्लॅकबेरीवर खटखट करीत, त्या कॅनडातल्या कंपनीनेही आपल्या जुन्या फोनांची सेवा ४ जानेवारी २०२२ पासून थांबविली. २०२४ साली मात्र आयफोनला खालून जोडायची खऱ्या बटनांची पट्टी निघाली, असे भाच्याने सांगितले. म्हणजे बटनांवाचून अडणारी मी एकटीच नाही.

अक्का आता मराठीत लिहिते. सारी अक्षरे हाताशी असूनही तिची सवय गेली नाही. एच च्या जागी आता नुसता "ह" येतो.

लाल फोन मी आज बरोबर आणला आहे. त्याला नवी बॅटरी घातली आहे आणि दिवा अजून लागतो. ज्यांना पाहायचा असेल, त्यांनी चहाच्या वेळी पाहावा. ए चे बटन तेवढे कोणी जोराने दाबू नये.