समुद्रावरून जाणारा मार्ग

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या बाजूने एक राजमार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. कॅनडाच्या सीमेवरील फोर्ट केंट या लहानशा गावी तो सुरू होतो आणि सुमारे २,३७० मैल चालून फ्लॉरिडाच्या टोकाशी की वेस्ट बेटावर थांबतो. १९२६ साली त्याला 'एक' हा क्रमांक मिळाला. परंतु वाट त्याहून पुष्कळ जुनी. १६७३ साली न्यूयॉर्कहून बॉस्टनला टपाल घेऊन निघालेल्या घोडेस्वाराच्या वाटेचा काही भाग याच मार्गात सामावला आहे.

त्याचा अखेरचा टप्पा बेटामागून बेट ओलांडीत समुद्रावरून जातो. हेन्री फ्लॅग्लर या उद्योगपतीने १९१२ साली तेथवर आगगाडी नेली होती. पुढे रस्त्याचे पूल बांधण्यासाठी सरकारने पहिल्या महायुद्धातील बेकार सैनिक कामाला लावले. २ सप्टेंबर १९३५ रोजी भयंकर चक्रीवादळ आले. सैनिकांना सोडवावयास निघालेली गाडी उशिरा पोहोचली आणि लाटांनी तिचे डबे रुळांवरून लोटून दिले. चारशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत निम्म्याहून अधिक, रणांगणावरून जिवंत परतलेले हे सैनिकच होते.

रेल्वे पुन्हा उभी राहिली नाही. तिच्याच पुलांवर सडक टाकण्यात आली, उखडलेल्या रुळांचे कठडे झाले, आणि १९३८ साली की वेस्टपर्यंत मोटारी धावू लागल्या. नवे पूल पुढे झाले. इस्लामोराडा येथे मार्गाच्या कडेलाच मृतांचे स्मारक आहे. त्याच्या पायाशी अनेकांच्या अस्थी आहेत. ज्या मार्गासाठी ते राबले, तो त्यांच्या शेजारूनच वाहतो.