मोडणाऱ्या सांगाड्याचे सामर्थ्य



कर्करोगावरच्या केमोथेरपीत गेली अनेक वर्षे दोन औषधे वापरली जातात. व्हिन्क्रिस्टिन मिळते आपल्या अंगणात बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीपासून. टॅक्सॉल, ज्याला आता पॅक्लिटॅक्सेल म्हणतात, ते प्रथम हाती आले अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू वृक्षाच्या सालीतून. पेशीच्या आत जो प्रथिनांचा सांगाडा असतो, त्याच्या एकाच भागावर ही दोन्ही औषधे काम करतात. पण अगदी उलट दिशांनी. व्हिन्क्रिस्टिन सांगाड्याचा तो भाग उभाच राहू देत नाही, आणि टॅक्सॉल एकदा उभा राहिलेला भाग मोडू देत नाही. तरीही शेवट एकच होतो: पेशीचे विभाजन कोलमडते. सांगाडा उभा राहिला नाही तर पेशी अडेल, हे कुणालाही पटेल. पण जो सांगाडा अधिक पक्का झाला, त्याने पेशीचा घात का व्हावा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी ज्या मतापर्यंत येतो, ते आज तुमच्यापुढे मांडणार आहे. पेशीच्या सांगाड्याचे खरे सामर्थ्य त्याच्या टिकाऊपणापेक्षा वेळेवर मोडण्याच्या क्षमतेत आहे.

आधी रचना पाहू. माणसाच्या पेशीत तीन प्रकारचे तंतू असतात. सर्वांत बारीक ॲक्टिनचे, सुमारे 7 नॅनोमीटर जाडीचे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे तंतू बहुतेक पेशीच्या कडेला, आवरणाच्या लगत दाट असतात आणि पेशीचा आकार व हालचाल सांभाळतात. दुसरे मध्यम तंतू, सुमारे 10 नॅनोमीटरचे. त्वचेतले केराटिन त्यांच्यापैकीच. ताण सोसणे हे त्यांचे मुख्य काम. तिसऱ्या सूक्ष्मनलिका. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे जोडगोळे एकापुढे एक लागून एक पदर होतो, आणि असे साधारण 13 पदर कडेला कडा लावून उभे राहिले की आतून पोकळ, सुमारे 25 नॅनोमीटर व्यासाची नळी तयार होते. पेशीतला माल इकडून तिकडे नेणारी प्रथिने याच नळ्यांवरून चालतात, आणि पेशी दुभंगताना गुणसूत्रांची वाटणीही याच नळ्या करतात. माझ्या मुद्द्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा सूक्ष्मनलिकांकडेच आहे, म्हणून बोलण्याचा भर त्यांच्यावर ठेवतो.

या नळ्या शास्त्रज्ञांच्या नजरेला उशिरा पडल्या, आणि त्यामागचे कारणही बोलके आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यापूर्वी पेशी रसायनात घट्ट करून घ्यावी लागते. सुरुवातीला हे काम थंड द्रावणात होत असे, आणि नेमक्या थंडीनेच बहुतेक नळ्या विरघळून जात. 1963 मध्ये ग्लुटाराल्डिहाइड वापरण्याची पद्धत आली, आणि त्याच वर्षी लेडबेटर व पोर्टर यांनी वनस्पतींच्या पेशींतल्या सूक्ष्मनलिकांचे वर्णन केले. त्याआधी, 1950 च्या दशकात, शिन्या इनोउए यांनी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून जिवंत, विभाजन होत असलेल्या पेशी पाहिल्या होत्या. पेशी थंड केली की गुणसूत्रे ओढणारे तंतू नाहीसे होत; पुन्हा ऊब दिली की काही मिनिटांत परत दिसू लागत. कोल्चिसिन या विषारी द्रव्यानेही ते नाहीसे होत. आपल्याकडे पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात हेच द्रव्य असते. म्हणजे हे तंतू सुट्या घटकांचे बनलेले आहेत, ते घटक पेशीतच शिल्लक राहतात आणि पुन्हा जुळू शकतात, हे अनुमान तेव्हाच काढता येत होते. पुढे ज्या प्रथिनाला कोल्चिसिन चिकटते त्याचाच माग काढत ट्यूब्युलिन सापडले.

हे विरघळणे ही केवळ थंडीची किंवा विषाची करामत नव्हे, हे 1984 मध्ये स्पष्ट झाले. टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी दाखवले की एकाच द्रावणात, एकाच तापमानाला, शेजारशेजारच्या दोन नळ्यांपैकी एक वाढत असते आणि दुसरी झपाट्याने आखडत असते; आणि वाढणारी नळी अचानक आखडू लागते. कारण घटकांतच आहे. नळीला जोडला जाणारा प्रत्येक ट्यूब्युलिन घटक जीटीपी नावाचा ऊर्जा साठवलेला रेणू घेऊन येतो. जोडला गेल्यावर थोड्याच वेळात त्या रेणूचे विघटन होते, आणि त्या घटकाला सरळ न राहता बाहेर वाकावेसे वाटू लागते. टोकाला ताजे घटक आहेत तोवर ते आतल्या ताणलेल्या घटकांना बांधून ठेवतात. ताज्या घटकांचे टोपण गळून पडले की पदर उलगडतात आणि नळी सुटत जाते. लग्नाचा मांडव सोडल्यावर तेच बांबू आणि तोच काथ्या दुसऱ्या मांडवाला लागतो. तसे सुटलेले घटकही नव्या नळीत जातात. मात्र मांडव काम संपल्यावर सोडतात. इथे सोडणे हेच कामाचा भाग असते, आणि त्याची सोय बांधतानाच करून ठेवलेली असते.

इथे पहिला आक्षेप येतो. बांधायचे, मोडायचे, पुन्हा बांधायचे आणि प्रत्येक वेळी ऊर्जा खर्चायची, ही निव्वळ उधळपट्टी नाही का? विभाजनाच्या वेळी पेशीपुढे काय काम असते ते पाहिले की हा आक्षेप गळून पडतो. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात. प्रत्येकाची प्रत तयार झालेली असते, आणि प्रत्येक जोडीतली एक प्रत एका ध्रुवाकडे, दुसरी दुसऱ्या ध्रुवाकडे गेलीच पाहिजे. एकही चूक झाली तर निपजणाऱ्या पेशीत गुणसूत्र कमी किंवा जास्त होते. कोणते गुणसूत्र कुठे आहे हे नळीला ठाऊक नसते. म्हणून नळ्या सर्व दिशांना वाढतात, काही सापडले नाही की आखडतात, पुन्हा वेगळ्या दिशेने निघतात. गुणसूत्र पकडीत आले की ती नळी टिकते. चुकीची पकड झाली तर ती सुटते आणि पुन्हा प्रयत्न होतो. न मोडणारी नळी पहिल्याच चुकीवर कायमची अडकून बसली असती. त्याही पुढची गोष्ट अशी की गुणसूत्र ओढण्याचे बळही मोडण्यातून मिळते. 1988 मध्ये पेशीबाहेर केलेल्या प्रयोगात दिसले की नळीच्या टोकाला धरलेले गुणसूत्र, ती नळी सुटत जाताना, तिच्याबरोबर सरकते. बांधताना घटकांत साठवलेला ताण उलगडताना कामी येतो. याला उधळपट्टी म्हणता येणार नाही.

आता पुन्हा औषधांकडे वळू. कॅनडातले रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर मधुमेहावरच्या लोकौषधाची परीक्षा म्हणून सदाफुलीचा अर्क तपासत होते. प्राण्यांमधली साखर उतरली नाही, पण पांढऱ्या रक्तपेशी घटल्या. त्यातूनच 1958 मध्ये व्हिन्ब्लास्टिन वेगळे काढले गेले. व्हिन्क्रिस्टिन हे त्याचेच भावंड, आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात त्याला मोठे स्थान आहे. म्हणूनच साखरेसाठी सदाफुलीची पाने मनाने चघळू नयेत, हेही इथे आग्रहाने सांगतो. टॅक्सॉलची रचना मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी उलगडली आणि 1971 मध्ये प्रसिद्ध केली. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. टॅक्सॉल नळ्यांना मोडू देत नाही, हे 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या सुसान हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. माझ्या मताला सर्वांत भक्कम आधार मात्र पुढच्या कामात आहे. मेरी ॲन जॉर्डन आणि लेस्ली विल्सन यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ही औषधे अगदी अल्प प्रमाणात वापरून पाहिली. त्या प्रमाणात नळ्यांचा एकूण साठा जवळजवळ तेवढाच राहिला, कमीही झाला नाही आणि वाढलाही नाही. फक्त त्यांची वाढणे-आखडणे ही चळवळ मंदावली, आणि विभाजन तेवढ्यानेच थांबले. साहित्य सगळे जागेवर होते. फक्त जुळण्या-सुटण्याचा वेग गेला होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शरीरात टिकाऊ सांगाडाही आहेच की! केराटिनचे तंतू चिवट असतात, आणि त्यात दोष आला तर काय होते हे 1991 मध्ये कळले: साध्या घर्षणानेही त्वचेवर फोड उठतात असा एक जन्मजात विकार केराटिनच्या जनुकातील बिघाडाने होतो. चेतापेशीचेही तसेच. कमरेपासून पावलापर्यंत जाणारा तिचा तंतू जवळजवळ मीटरभर लांब असू शकतो. त्यातल्या नळ्यांवरून किनेसिन हे प्रथिन 8 नॅनोमीटरच्या एकेका पावलाने माल वाहते. तो मार्ग रोज कोसळत राहिला तर चेतापेशी जगणार कशी? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो माझे विधान नीट रेखून देतो. सांगाड्याने सतत मोडावे असे माझे म्हणणे नाही; कुठे मोडायचे आणि कुठे टिकायचे हे पेशीच्या हातात असावे, एवढेच मी म्हणतो. चेतापेशीत इतर प्रथिने नळ्यांना बिलगून त्यांना आधार देतात. तरी तिथेही काही भाग वाढता-आखडता असतोच, आणि वर सांगितलेली दोन्ही औषधे घेणाऱ्या अनेक रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. विभाजन न होणाऱ्या पेशीलाही हा तोल बिघडलेला चालत नाही. केंद्रकाच्या आतले अस्तर मध्यम तंतूंचेच असते, आणि तेसुद्धा विभाजनाच्या वेळी सुटते व नंतर पुन्हा जुळते. टिकाऊपणा ही इथे वेळेपुरती दिलेली सवलत आहे.

हा विचार फक्त प्रयोगशाळेपुरता नाही. शालेय पुस्तकांत पेशीचे चित्र सहसा स्थिर असते: आवरण, केंद्रक, काही अवयव आणि त्यांच्यामध्ये रिकामा द्रव. मुलांच्या मनात पेशी म्हणजे भरलेली पिशवी अशीच प्रतिमा बसते, आणि औषध पेशीवर कसे काम करते हे मग केवळ पाठ करायची गोष्ट उरते. रचना आणि गती एकत्र शिकवली तर तेच मूल विचारू शकेल की बांधणे रोखणारे आणि मोडणे रोखणारे औषध एकाच रोगावर कसे चालते. ज्याला हा प्रश्न पडेल त्याला पेशीशास्त्राचा गाभा सापडलेला असेल. हे चित्र बदलणे शिक्षकांच्या, पुस्तके लिहिणाऱ्यांच्या आणि विज्ञानावर मराठीत बोलणाऱ्या आपणा सर्वांच्या आवाक्यातले काम आहे, आणि ते लवकर व्हावे असे मला मनापासून वाटते.