विद्यार्थिदशेंतील स्टॉकहाउझेन

एखाद्या तरुण संगीतकाराला स्फूर्ति कोठून मिळाली असें विचारलें, म्हणजे निसर्ग, प्रेम किंवा ईश्वरभक्ति यांपैकीं एखाद्याचें नांव बहुधा पुढें येतें. जर्मन संगीतकार कार्लहाइंझ स्टॉकहाउझेन याच्या विद्यार्थिदशेंतील कृतींचें मूळ शोधूं पाहणाराला मात्र, त्याला काय नकोसें झालें होतें, येथूनच आरंभ करावा लागतो.

त्याचा जन्म १९२८ सालीं कोलोन शहराजवळच्या मोड्राथ गांवीं झाला. वडील शाळाशिक्षक, आई पियानो वाजवी व गात असे. पुढें ती मनोविकारानें आजारी पडली आणि तिला रुग्णालयांत ठेवावें लागलें. नाझी राजवटीनें अशा रुग्णांची जी पद्धतशीर हत्या चालविली होती, तींत १९४१ सालीं हाडामार येथें तिचा बळी गेला. घरीं मात्र रक्ताच्या विकारानें मृत्यु आल्याचें कळविण्यांत आलें. युद्ध संपतांना वडील हंगेरीच्या आघाडीवर बेपत्ता झाले. मुलगा त्या वेळीं सोळा वर्षांचा असून लष्करी रुग्णालयांत जखमी आणि भाजलेले सैनिक स्ट्रेचरवरून वाहत होता.

त्यानें पुढें एका मुलाखतींत सांगितलें आहे कीं, त्याच्या लहानपणीं जर्मन नभोवाणीवरून सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत पलटणीच्या कूचाचें संगीत चाले, आणि त्यानें लोकांची मनें घडविलीं जात. ज्या ठेक्यावर सर्वांचीं पावलें एकदम पडतात, त्या ठेक्याची त्याला धास्ती बसली. त्याच्या आरंभींच्या कृतींत सम शोधणाराला ती सांपडत नाहीं, याचें एक कारण हें आहे. हें ध्यानांत न घेतां त्या कृतींकडे पाहिलें तर केवळ आंकड्यांचा खेळ दिसतो. आणि तसा आक्षेप पुष्कळांनीं घेतलाहि आहे.

१९४७ पासून १९५१ पर्यंत तो कोलोनच्या संगीतमहाविद्यालयांत शिकत होता. उदरनिर्वाहासाठीं तो मद्यगृहांतून जाझ वाजवी, आणि एका जादूगाराच्या खेळांना पियानोची साथ करी. बेला बार्टोक यांच्या दोन पियानो व तालवाद्यें यांसाठीं रचलेल्या सोनाटावर त्यानें परीक्षेचा प्रबंध लिहिला. परंपरा ठाऊक नसल्यामुळें त्यानें ती टाकली, असें म्हणावयास म्हणूनच जागा नाहीं.

१९५१ च्या उन्हाळ्यांत तो डार्मश्टाट येथील नव्या संगीताच्या वर्गांस गेला. तेथें त्यानें फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियाँ यांच्या १९४९ मधील एका पियानोकृतीची ध्वनिमुद्रिका ऐकली. या कृतींत छत्तीस स्वर असून प्रत्येकाचें कालमान, जोर आणि आघाताची तऱ्हा हीं कायमचीं ठरवून दिलेलीं आहेत. तो स्वर जेव्हां जेव्हां येईल तेव्हां त्याच रूपानें यावयाचा. चाल नाहीं, साथ नाहीं. एकेक स्वर आकाशांतील ताऱ्याप्रमाणें आपल्या ठिकाणीं सुटा. कूचगीतांच्या गर्दींत वाढलेल्या या विद्यार्थ्याला तो सुटेपणाच मोलाचा वाटला असल्यास नवल नाहीं. बेल्जियमचा कारेल ग्यूफार्ट्स हा त्याच विचाराचा तरुण संगीतकारहि त्याला तेथेंच भेटला.

घरीं परतल्यावर त्यानें त्याच वर्षीं ‘क्रॉइत्सश्पील’ ही मोजक्या वाद्यांच्या मेळाची कृति रचली. नांवाचा अर्थ एकमेकांस छेदून जाण्याचा खेळ. वाद्यें म्हणजे ओबो, बास क्लॅरिनेट, पियानो आणि तालवाद्यें. आरंभीं पियानोचे स्वर अगदीं तार आणि अगदीं खर्ज अशा दोन टोकांस असतात. हळूहळू ते मधल्या पट्टींत येऊं लागतात, तेथें ओबो व क्लॅरिनेट त्यांना उचलून घेतात, आणि अखेर जे वर होते ते खालीं व खालचे वर जाऊन पोहोंचतात. १९५२ च्या उन्हाळ्यांत डार्मश्टाटला ती प्रथम वाजविली गेली तेव्हां सभागृहांत गोंधळ उडाला. पहिल्या श्रवणांत ती विस्कळित वाटते हें खरें. पण दोनतीनदां ऐकल्यावर स्वरांची ती आंत येण्याची आणि पुन्हा पांगण्याची हालचाल कानाला उमगते, व मग तींत एक प्रकारची सौम्यताहि आढळते.

त्यापूर्वीं, जानेवारी १९५२ मध्यें, तो पॅरिसला मेसियाँ यांच्या वर्गांत दाखल झाला होता. या वर्गाचा एक धागा थेट महाराष्ट्रांत येऊन पोहोंचतो. आज जेथें दौलताबादचा किल्ला आहे त्या देवगिरीस, तेराव्या शतकांत, यादव राजा सिंघण याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यांतील १२० देशी तालांची यादी एका फ्रेंच संगीतकोशांत छापली गेली होती. ती मेसियाँ यांच्या हातीं पडली आणि जन्मभर त्यांच्या कामीं आली. त्यांनीं हे ताल आवर्तनांत घोळविले नाहींत. रागवर्धनासारख्या तालांतील लहानमोठीं कालखंडें उचलून, उलटून, त्यांत भर घालून त्यांनीं आपली लयरचना सिद्ध केली. आपल्याकडील तबलजीला त्यांत ओळखीचें कांहींच सांपडणार नाहीं. परंतु काळ हा ठोक्यांनीं न मोजतां लहानमोठ्या खंडांची बेरीज म्हणूनहि मोजतां येतो, ही दृष्टि मेसियाँ यांना त्या यादींत आढळली. आणि ठोक्याला विटलेल्या शिष्याला नेमकी तीच हवी होती.

पॅरिसमध्यें पिएर शेफेर यांच्या प्रयोगशाळेंत ध्वनिमुद्रित आवाजांपासून संगीत जुळविण्याचे प्रयत्न चालू होते. तेथें स्टॉकहाउझेननें १९५२ च्या अखेरीस एक अगदीं लहानशी रचना केली. पियानोच्या तारांवर आघात करून ते आवाज फितीवर घ्यावयाचे, आघाताचा क्षण कापून टाकावयाचा, आणि उरलेले बारीक तुकडे मोजून एकापुढें एक चिकटवावयाचे! कष्टाच्या मानानें फळ अल्प होतें. तारेचा आवाज कितीहि चिरला तरी तो तारेचाच राहतो. त्याचे उपस्वर ठरविणें रचनाकाराच्या हातीं नसतें. त्याला तर स्वराची कणीहि स्वतः घडवावयाची होती.

ती संधि १९५३ सालीं कोलोनच्या नभोवाणी केंद्रावर मिळाली. हर्बर्ट आइमर्ट यांच्या देखरेखीखालीं तेथें विद्युत्‌संगीताची प्रयोगशाळा निघाली होती. तींतील बरीचशी सामग्री मुळांत प्रक्षेपणयंत्रें तपासण्याची : शुद्ध एकेरी कंपनांचा नाद देणारीं यंत्रें, गाळण्या, मोजमापाचीं उपकरणें आणि ध्वनिफिती. ज्या नभोवाणीनें त्याचें बालपण ठेक्यांत जखडलें, तिच्याच दुरुस्तीच्या हत्यारांतून त्यानें ठेक्यावांचूनचें संगीत काढलें.

उपस्वररहित नाद एकेक करून फितीवर घेऊन, एकावर एक चढवून, त्यानें १९५३ मध्यें पहिला ‘अभ्यास’ आणि १९५४ मध्यें दुसरा पुरा केला. दुसऱ्यासाठीं त्यानें स्वरसप्तकच बदललें. युरोपीय पद्धतींत स्वराची दुप्पट होईपर्यंत बारा सारखे भाग पाडतात. यानें पांचपट होईपर्यंतच्या अंतराचे पंचवीस भाग पाडले. परिणाम असा कीं, त्यांत षड्जाला वरचा षड्ज भेटतच नाहीं. पांच पांच नाद एका जिवाचे व्हावेत म्हणून ते प्रतिध्वनीच्या खोलींत सोडून पुन्हा मुद्रित केले. पहिला अभ्यास कांहींसा कोरडा आहे; दुसऱ्यांत त्या खोलीचा श्वास मिसळला असल्यानें तो अधिक जिवंत वाटतो.

तथापि यंत्रांतून निघालेल्या शुद्ध नादावर त्याचें समाधान झालें नाहीं. १९५४ ते १९५६ या काळांत तो बॉन विद्यापीठांत वेर्नर मायर-एप्लर यांच्याकडे ध्वनिशास्त्र आणि संदेशवहनाचें शास्त्र शिकत होता. मनुष्याच्या उच्चारांतले स्वर हे नादाच्या जवळचे, तर ‘स’, ‘श’ यांसारखीं व्यंजनें हीं गोंगाटाच्या जवळचीं. म्हणजे मुखांत आणि यंत्रांत एकच मालिका आहे, हें त्यानें तेथें हेरलें. त्या ज्ञानांतून आणि त्याच्या त्या वेळच्या उत्कट कॅथलिक श्रद्धेंतून ‘गेझांग डेर युंग्लिंग’, म्हणजे ‘कुमारांचें गीत’, जन्मास आलें. बायबलमधील दानिएलाच्या कथेंत राजाच्या सुवर्णमूर्तीपुढें वांकण्यास नकार देणारे तिघे तरुण पेटत्या भट्टींत टाकले जातात, आणि ते ज्वालांत उभे राहून ईश्वराचें स्तवन करतात. ज्यानें सोळाव्या वर्षीं भाजलेलीं शरीरें उचललीं, त्यानें हीच कथा कां निवडावी याचा अर्थ लावावयास फारसे सायास नकोत.

तें गाण्यास योझेफ प्रोच्का हा सुमारें बारा वर्षांचा मुलगा मिळाला. हाच पुढें नामांकित ऑपेरागायक झाला. त्याच्या एकट्याच्या आवाजाचे थर एकावर एक चढवून कुमारांचे थवे उभे केले. शब्द कधीं विद्युन्नादांत विरघळून जातात, कधीं अर्धेमुर्धे कळतात, आणि मधूनच स्तवनाचा एखादा शब्द स्वच्छ वर येतो. ३० मे १९५६ रोजीं कोलोन केंद्राच्या मोठ्या सभागृहांत तें प्रथम ऐकविण्यांत आलें. व्यासपीठावर एकहि वादक नव्हता. लाउडस्पीकरांचे पांच संच मांडले होते, आणि एका मुलाचा आवाज श्रोत्यांच्या भोंवतीं एका बाजूकडून दुसरीकडे फिरत होता.