सरोवराचा रंग आणि आपली वही



२०२० च्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे हिरवे पाणी थोड्याच दिवसांत गुलाबी झाले. टाळेबंदीचा काळ होता. छायाचित्रे घरोघर फोनवर पोचली आणि जुन्या विद्यार्थ्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत जो तो मला एकच विचारू लागला, "सर, हा कुठला जंतू?" पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि नागपूरच्या नीरी या संस्थेत गेले. उत्तर आले: खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया. त्यांच्या पेशींतल्या तांबूस रंगद्रव्याने पाणी रंगले होते. तिथे बातमी संपली. आपले काम मात्र तिथून सुरू होते, आणि आज मला जे सांगायचे आहे ते त्याच कामाविषयी.

हे आर्किया त्या जूनमध्ये कुठून उडून आले नव्हते. ते तिथेच होते, थोड्या संख्येने. पाऊस कमी झालेला, उन्हाने पाणी आटलेले, म्हणून क्षार वाढले आणि पाण्याने त्यांची बाजू घेतली. पुढे पाणी बदलले, त्यांच्या पेशी तळाशी बसल्या आणि गुलाबी रंग ओसरला. "कुठला जंतू" या प्रश्नाला एक नाव पुरते. "आत्ताच का" असे विचारले की सगळे सरोवरच उलगडावे लागते.

तर ते उलगडून पाहू. उल्कापाताने बेसाल्टच्या खडकात पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. पाण्याला आत यायला वाटा आहेत, बाहेर जायला एकही नाही. वाफ होऊन जाईल तेवढेच जाते आणि खडकातून झिजून आलेला खार मागे राहतो. 'ऐन-ए-अकबरी'तही या भागातल्या खाराचा उल्लेख आहे; साबण आणि काच करायला तो वापरत. पाण्याचा सामू दहाच्या आसपास. आपल्या स्वयंपाकघरातल्या पापडखाराचे पाणी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल.

एवढे भूगर्भशास्त्र सांगते. पण या पाण्याचा स्वभाव घडवण्यात सूक्ष्मजीवांचाही हात आहे. वरच्या थरात स्पिरुलिना नावाने बाजारात मिळणाऱ्या नीलहरित जीवाणूचे दाट पीक असते. तो पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेतो आणि त्या व्यवहारात पाणी आणखी अल्कधर्मी करून ठेवतो. ज्या पाण्यात इतरांचा टिकाव लागत नाही ते पाणी आणखी कडक होते, आणि याचे पीक आणखी निर्वेध. त्याच्या दाटीमुळे खाली उजेड पोचत नाही. मेलेल्या पेशी तळाशी बसतात, त्या कुजताना प्राणवायू संपतो आणि तिथे सल्फेटवर श्वास घेणाऱ्यांचे राज्य सुरू होते. काठावर उभे राहिले की येणारा सडक्या अंड्यांचा वास त्यांचाच. त्याच गाळात मिथेन तयार करणारे आहेत आणि ते मिथेन खाऊन जगणारेही. एकाचा टाकाऊ माल हेच दुसऱ्याचे ताट. यातला एक जरी काढला तरी पाणी तेच राहणार नाही.

कोकणातल्या मिठागरांवर काम करणाऱ्यांना हे वेगळ्या वाटेने माहीत आहे. वाफ्यातले पाणी लालसर झाले की मीठ धरायची वेळ जवळ आली. तो लाल रंगही मुख्यतः याच कुळातल्या आर्कियांचा. रंगामुळे पाणी जास्त ऊन शोषते, लवकर तापते, लवकर आटते. खारटपणा वाढतो आणि तोच त्यांना मानवतो. आगरावर राबणाऱ्या माणसाला मिठासाठी या जिवांची मदत होत आली, त्यांना नाव मिळण्याच्या कितीतरी आधीपासून.

आपल्या प्रयोगशाळांनी मात्र आपल्याला एकेक जीव वेगळा काढायला शिकवले. रॉबर्ट कॉख यांच्या त्या पद्धतीचे ऋण मोठे आहे. क्षय आणि पटकी यांचे कारण त्याशिवाय हाती लागले नसते. पण तीच सवय लागल्यामुळे पेट्री डिशवर न वाढणारे जीव नाहीतच असे आपण धरले, आणि जे वाढले त्याला शेजाऱ्यांपासून तोडून ओळखले. मीही पस्तीस वर्षे असेच शिकवले. त्याची मला खंत आहे, म्हणून हे बोलतो आहे.

लोणारला २०२० मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, ही आनंदाची गोष्ट. पण गावाचे सांडपाणी विवरात उतरते, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला आहे. गोडे पाणी आणि मैला दोन्ही आत येत राहिले तर खार पातळ होईल, सामू उतरेल, आणि हजारो वर्षे एकमेकांना सांभाळत आलेली ही वस्ती मोडेल. वाघ कमी झाले तर मोजता येतात. ही वस्ती मोडली हे कळायला आधीची नोंद हवी, आणि महिन्या-महिन्याची सलग नोंद आपल्यापैकी कितीजणांकडे आहे?

माझे मागणे साधे आहे. इथे बसलेल्या प्रत्येक महाविद्यालयाने जवळचे एक पाणी धरावे: तळे, ओढा, खाडीचे टोक, काहीही. दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी जावे. रंग, वास, तापमान, सामू, क्षार आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल ते मराठीत, तारखेसह वहीत लिहावे. विद्यार्थी तीन वर्षांनी बदलतील. वही बदलू नये. जनुकक्रम वाचणारी यंत्रे आता आपल्या आवाक्यात येत आहेत, पण नमुना घेतला त्या दिवशी पाणी कसे होते हे यंत्र सांगत नाही.

सभागृहाबाहेरच्या टेबलावर गाळ भरलेल्या दोन बाटल्या ठेवल्या आहेत. लोणार अभयारण्य आहे, तिथला गाळ आपण उचलत नाही. हा आमच्या महाविद्यालयामागच्या नाल्याचा. विनोग्रादस्की यांच्या रीतीने त्यात वर्तमानपत्राचे तुकडे आणि अंड्याचा बलक घातला आहे. दोन्ही एकाच दिवशी भरल्या. एक खिडकीत ठेवली, तिच्यात तळाशी काळा, त्यावर जांभळा आणि वर हिरवा पट्टा आला. दुसरी कपाटात होती, ती नुसती काळी राहिली. दीड महिन्यापूर्वी तीही आम्ही खिडकीत आणून ठेवली. आज सकाळी निघताना पाहिले, तिच्या काचेला उजेडाच्या बाजूने जांभळे ठिपके धरले आहेत.