वॉरंटीचा कागद आणि ग्राहकाचा धर्म

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



२४ डिसेंबर १९८६ या दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून हा दिवस आपण ग्राहक दिन म्हणून पाळतो. भेसळ, वजनमापे, वीजबिले या विषयांवर आपण दरवर्षी बोलतो. आज एक निराळा विषय घेण्याची सूचना संयोजकांनी केली. नवी कोरी मोटार घेतली आणि ती पुनःपुन्हा बिघडू लागली, तर काय करावे?

विषय वरवर श्रीमंतांचा वाटेल. तसा तो राहिलेला नाही. आज शिक्षक, बँकेतील कर्मचारी, छोटा दुकानदार यांच्या दारातही मोटार उभी असते आणि तिच्यामागे पाच-सात वर्षांचे कर्ज असते. त्या घराचे दोन-तीन वर्षांचे उत्पन्न तिच्यात गुंतलेले असते. शिवाय मोटार ही काही मिक्सरसारखी वस्तू नाही. तिच्यात बसून म्हातारे आईवडील आणि मुलेबाळे घाट चढतात. आंब्याच्या घाटात क्लच सुटला किंवा भर महामार्गावर इंजिन बंद पडले, तर प्रश्न पैशांचा उरत नाही, जिवाचा होतो.

उपकाराची भावना

माझ्या पिढीतील मंडळींना आठवत असेल, एके काळी साध्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. परवाना-राज्याचा तो काळ होता. गाडी मिळाली हाच विक्रेत्याचा उपकार वाटे. तीत खोट निघाली, तर गुपचूप ओळखीच्या मिस्त्रीकडे जायचे. १९९१ नंतर बाजार खुला झाला आणि गाड्यांच्या रांगा लागल्या. तथापि मनातील ती उपकाराची भावना पुरती गेलेली नाही. शोरूममध्ये हार, पेढे, छायाचित्र असा सोहळा होतो आणि पुढे गाडी बिघडली की तोच ग्राहक त्याच दारात अपराध्यासारखा उभा राहतो.

असे प्रसंग बहुधा एकाच वाटेने जातात. पहिल्या दीड-दोन महिन्यांत गियर अडकू लागतो. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी ठेवून घेतात, दोन दिवसांनी 'झाले काम' म्हणून परत देतात. पंधरा दिवसांत तीच तक्रार. तिसऱ्या खेपेस सांगितले जाते, 'या मॉडेलमध्ये एवढे होतेच'. चौथ्या खेपेस सूर बदलतो, 'तुमची चालवण्याची पद्धत चुकते'. एव्हाना सहा-आठ महिने उलटलेले असतात आणि ग्राहकाच्या हाती एकही कागद नसतो.

येथे माणसे दोन मार्ग धरतात. एक, समोर असलेल्या मेकॅनिक पोरावर आवाज चढवतात. तो बिचारा पगारी कामगार; गाडी त्याने घडवलेली नसते आणि बदलून देण्याचा अधिकारही त्याच्याकडे नसतो. दुसरा मार्ग अधिक वाईट. गाडी धुऊनपुसून, दोष न सांगता, अनोळखी माणसाच्या गळ्यात मारायची. आपली फसवणूक झाली म्हणून दुसऱ्याची करायची, ही सुटका नव्हे. हे त्याच साखळीतील पुढचे पाप आहे. स्वयंसेवकाच्या घरात तरी हे घडता कामा नये.

हमी म्हणजे नेमके काय?

वॉरंटीची पुस्तिका गाडीच्या खणात असते आणि ती कोणी वाचत नाही. आज घरी गेल्यावर ती काढा. तीत कंपनीने सामान्यतः एवढेच वचन दिलेले असते की, ठरावीक वर्षे किंवा ठरावीक किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोवर, साहित्यातील वा घडणीतील दोषामुळे बिघडलेला भाग विनामूल्य दुरुस्त करू अथवा बदलून देऊ. ब्रेकचे पॅड, क्लचची प्लेट, वायपरचे रबर असे झिजणारे भाग बहुधा त्यातून वगळलेले असतात. टायर आणि बॅटरी यांची हमी पुष्कळदा त्यांचे उत्पादक निराळी देतात. ठरलेली सर्व्हिसिंग चुकवली किंवा बाहेरून वायर तोडून दिवे व संगीतयंत्रणा बसवली, तर कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. तेव्हा आपली बाजू आधी स्वच्छ ठेवावी.

'गाडी बदलून देऊ' असे वचन त्या पुस्तिकेत सहसा नसते. २००६ साली क्लचच्या दोषाचे असेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. दोष हमीनुसार भाग बदलून दूर होण्याजोगा असेल, तर आख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. मात्र २०१० च्या दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणीचा मार्ग मान्य केला आणि घडणीतला मूळचाच दोष आढळल्यास किंमत व्याजासह परत करावी, असे म्हटले. या दोन निकालांच्या मध्ये ग्राहकाची सारी लढाई आहे. एखादा भाग बिघडला, हे दाखवून भागत नाही. दुरुस्तीची पुरेशी संधी देऊनही तोच दोष पुनःपुन्हा उद्भवतो, म्हणजे तो घडणीतला आहे, हे दाखवावे लागते.

अमेरिकेत यासाठी राज्याराज्यांचे कायदे आहेत. सदोष गाडीला तिकडे बोलीभाषेत 'लिंबू' म्हणतात, म्हणून ते 'लेमन लॉ' या नावाने ओळखले जातात. १९८२ साली कनेक्टिकट राज्याने असा कायदा केला. एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्तीचा प्रयत्न झाला किंवा गाडी एकूण तीस दिवस दुरुस्तीत पडून राहिली, तर दाद मागण्याचा हक्क निर्माण होतो, अशी त्याची साधारण चौकट आहे. आपल्याकडे मोटारींसाठी असा आकडा ठरवून देणारा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे ते चार प्रयत्न आणि ते तीस दिवस आपले आपणच मोजायचे आणि लिहून ठेवायचे.

कागद हाच साक्षीदार

गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये देताना 'जॉब कार्ड' तयार होते. त्यावर 'जनरल चेकअप' असे मोघम लिहू देऊ नका. 'तिसऱ्या गियरवर चढ चढताना गाडी झटके देते. ही चौथी वेळ' असे आपल्या शब्दांत लिहायला लावा. तारीख आणि किलोमीटरचा आकडा त्यावर हवा आणि प्रत आपल्यापाशी हवी. गाडी परत घेताना काय तपासले, कोणता भाग बदलला, हे लेखी घ्या. बिल शून्य रुपयांचे असले तरी ते मागून घ्या. विनामूल्य झालेल्या दुरुस्तीचा पुरावा तेच बिल असते. दोष कधी दिसतो, कधी लपतो असा असेल, तर त्यांच्या तंत्रज्ञाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवा. शेजारी बसलेल्याने मोबाइलवर चित्रण करावे. चालवणाऱ्याने करू नये.

एका वहीत किंवा धारिकेत हे सारे तारीखवार लावा. गाडी किती दिवस बंद राहिली, रिक्षा-टॅक्सीला किती गेले, हेही त्यात येऊ द्या. आपल्या घरातील गृहिणी दुधाचा हिशोब ज्या काटेकोरपणे ठेवतात, तेवढाच काटेकोरपणा येथे पुरतो. वॉरंटीची मुदत संपत आली आणि दोष तसाच असेल, तर मुदत संपण्यापूर्वी लेखी पत्र द्या. मुदतीत नोंदलेला दोष मुदतीनंतर आपोआप पवित्र होत नाही! आणि निकाल लागेपर्यंत बाहेरच्या गॅरेजमध्ये तो भाग उघडू नका. पुरावाच हरवेल.

दाद कोठे मागावी?

पहिले पत्र सर्व्हिस व्यवस्थापकाला, दुसरे वितरकाच्या मालकाला, तिसरे कंपनीच्या विभागीय कार्यालयाला. भाषा संयमाची, मागणी स्पष्ट आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत. पत्र ई-मेलने धाडावे आणि स्पीड पोस्टानेही. उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुष्कळ प्रकरणे येथेच सुटण्याजोगी असतात.

तेथेही निभाव लागला नाही, तर ग्राहक आयोग. १९८६ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली असून तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करावयाची. कंपनीचे मुख्यालय कोठेही असो, ग्राहक जेथे राहतो वा नोकरी करतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, ही नव्या कायद्याची मोठी सोय. पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी शुल्क २०० रुपये, दहा ते वीस लाखांसाठी ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र ती केली पाहिजे. गोडीगुलाबीने दिलेल्या तारखांत ही दोन वर्षे कशी निघून जातात, ते कळतही नाही.

तक्रारीत वितरक आणि उत्पादक, दोघांनाही पक्षकार करा. गोव्यातील एका ग्राहकाला वितरकाने जुन्या वर्षाची, वापरलेली गाडी नवी म्हणून विकली होती. त्या प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वितरकाच्या अशा कृत्याची माहिती उत्पादकाला होती, हे सिद्ध झाल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येत नाही. म्हणजे कोणाकडून काय चुकले, हे वेगवेगळे मांडावे लागते. घडणीतील दोष उत्पादकाचा, निष्काळजी दुरुस्ती वितरकाची. तसेच, गाडी योग्य प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावी, अशी विनंती आयोगाला करा. अशी तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अधिक काळ लागतो, हे मी लपवत नाही. म्हणूनच धीर आणि धारिका दोन्ही हव्यात.

स्वदेशीची खरी कसोटी

आता एक आक्षेप. आपल्यातीलच काही मंडळी विचारतात, 'आपण स्वदेशीचे पुरस्कर्ते. मग भारतीय उद्योगाविरुद्ध तक्रारी कशासाठी?' पुणे, चाकण, नाशिक हा आपला परिसर मोटार उद्योगावर उभा आहे, हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते, हे खरेच. परंतु ज्या देशात ग्राहक सदोष माल मुकाट्याने घेतो, त्या देशाचा माल जगाच्या बाजारात मान मिळवू शकत नाही. स्वदेशी म्हणजे खपवून घेणे नव्हे. आपल्या माणसाने घडवलेली वस्तू उत्तमच असली पाहिजे, हा आग्रह म्हणजे स्वदेशी. कंपनी देशी असो वा परदेशी, माप एकच.

ही दृष्टी आपण बाहेरून आणलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील 'कंटकशोधन' या अधिकरणात कारागीर आणि व्यापारी यांच्यापासून प्रजेच्या रक्षणाचे स्वतंत्र अध्याय आहेत. कारागिराने ठरल्या वेळी काम दिले नाही, तर मजुरीचा चौथा हिस्सा कापावा आणि त्याच्या दुप्पट दंड करावा, इतका बारीक विचार तेथे आहे. आपल्या सर्व्हिस सेंटरच्या तारखांना हा नियम लावला, तर किती दंड गोळा होईल, याची कल्पना करा!

याच परंपरेला आधुनिक रूप देण्यासाठी बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी आला. आधी जागृती, मग संघटन, मग कायदा, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

एकट्याची तक्रार, सर्वांचे रक्षण

शेवटचा मुद्दा. एका गाडीत घडणीतला दोष असेल, तर त्याच तुकडीतील इतर गाड्यांतही तो असण्याचा संभव असतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम आले आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सुरक्षेला धोका पोहोचवणाऱ्या दोषाबद्दल पुरेशा मालकांनी तक्रारी नोंदवल्या, तर चौकशी करून तशा सर्व गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. नोंदच झाली नाही, तर सरकारला तरी कसे कळणार? तुम्ही शांतपणे नोंदवलेली तक्रार कदाचित कोल्हापूरच्या वा नागपूरच्या एखाद्या अनोळखी कुटुंबाचा अपघात टाळील. समान हिताच्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. आपल्या वस्तीत एकाच बनावटीच्या गाडीचे चार त्रस्त मालक असतील, तर त्यांना एकत्र बसवणे हे शाखेच्या कार्यकर्त्याला अवघड नाही.

तेव्हा प्रत्येक वस्तीत एका तरी कार्यकर्त्याने हा विषय अभ्यासावा. शेजाऱ्याचे पत्र लिहून द्यावे, धारिका लावून द्यावी, आयोगाच्या पहिल्या तारखेस त्याच्यासोबत जावे. सज्जन माणूस एकटा पडला की गप्प बसतो; सोबत मिळाली की तोच न्याय मागण्यास उभा राहतो. ही सोबत देणे हेच आपले काम आहे.

भारत माता की जय!