चुलीचा वैल आणि मायक्रोवेव्ह

प्रवरेकाठच्या आपल्या घरांत चुलीला वैल असे. पुढच्या जाळावर भाकरी, मागच्या वैलावर दूध. हे नव्या सुनेलाही सांगावे लागत नसे. मायक्रोवेव्हच्या पेटीपुढे मात्र आम्ही ते शहाणपण विसरलो. सारे काही १०० टक्क्यांवर! मग घरातल्या म्हाताऱ्यांचे वरणाच्या पहिल्या घासाला तोंड पोळते, आणि दुसरा घास गार लागतो.

५० टक्के म्हणजे बहुतेक पेट्यांत जाळ निम्मा नव्हे. लहरी पूर्ण जोराने येतात, थांबतात, पुन्हा येतात. त्या विसाव्यात ऊब आत मुरते. पाण्याला १०० चालेल, वरणाला ५०-६० पुरे. गोठवलेल्या आमरसाला ३०च. बर्फापेक्षा पाणी या लहरी फार अधिक शोषते, म्हणून घाई केली की कड उकळते आणि गाभा दगड राहतो. भाकरीला मात्र तवाच हवा. या पेटीत ती चिवट होते.